अष्टमीची मॅच

"रविवारी संध्याकाळी पाचला मॅच. सगळ्या जमतोय!" रुपालीचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा चिमा बाजारात सुरमई कापत होती. तिने ओले हात गाऊनला पुसले आणि मेसेज पुन्हा वाचला. रविवारी अष्टमी. अष्टमीला पाच वाजता मैदान कुठलं? भरतीचं नुसतं पाणी.

बंदरवाडी महिला फुटबॉल क्लबाला मैदान असं कधी नव्हतंच. ओहोटीला जेवढी वाळूची पुळण उघडी पडेल तेवढं त्यांचं. सरावाची वेळ तिथीवर ठरायची आणि ती कुणाला सांगावी लागायची नाही. पाणी कधी उतरतं हे वाडीतल्या पोरींना आईच्या पोटातूनच ठाऊक. एकदा तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या, तेव्हा वाडीने त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढली होती. मग एकेकीचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली. कुणी विरारला, कुणी दिव्याला. क्लब मोडला असं कुणीच म्हणालं नाही. तो फोनमध्ये राहिला आणि चिमा किनाऱ्यावर. त्यातून ती गोलकीपर. बाकीच्यांना एकटीने खेळायला भिंत तरी पुरते. गोलकीपरला समोरून चेंडू मारणारं कुणीतरी लागतं.

वेळ बदला, असं लिहायला तिचा अंगठा वळला होता. पण रुपालीच्या भावाचं लग्न म्हणून सगळ्या रत्नागिरीत येणार होत्या, जेवणं उरकून इथे डोकावणार होत्या आणि रात्रीच मुंबईला परतणार होत्या. पाचला नको म्हटलं की एकीला जमायचं नाही, मग दुसरीचं मन फिरायचं. नन्नाचा पाढा सुरू व्हायला वेळ लागत नाही. चिमाने लिहिलं, "या."

रविवारी दुपारी पाणी उतरलेलं असताना तिने बांबू रोवले, त्यांना जुनं जाळं बांधलं. तिची आई, धोंडूबाई, वर अंगणातून ओरडली, "आज आष्टमी ना गो? पाचला पानी येल हितं कमरेएवडा. कुनाला येडी करतंस?"

"येऊंदेत तरी," चिमा म्हणाली.

त्या आल्या. गाडीतून सातजणी उतरल्या, सगळ्यांच्या अंगात नवीन निळे टी-शर्ट, पाठीवर क्लबाचं नाव. चिमासाठीही एक आणला होता, एक नंबरचा. ओरडत, एकमेकींना ढकलत त्या सुरूच्या झाडांपर्यंत धावल्या आणि थबकल्या.

"अगो बाय, ग्राउंड कुठाय?"

समोर दोन बांबू पाण्यात अर्धे बुडून हलत होते. मग रुपालीच आधी हसली. "आज आष्टमी! आपण विसरलोच की गो!" मग सगळ्याच हसत सुटल्या. कुणी चिडलं नाही. चिमाला वाटलं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग फोटो झाले. गोलकीपर म्हणून चिमाला मधे उभं केलं. गुडघाभर पाण्यात थोडा वेळ चेंडू उडवला, पण कुणाची साडी बॅगेत तशीच होती, कुणाचं मूल गाडीत रडत होतं. चिमाने तळून आणलेले बांगडे मात्र चट्टामट्टा झाले. सूर्य अजून वर होता तोवरच कुणीतरी म्हणालं, "निघूया गो. हातखंब्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तर उद्याची ड्युटी गेली."

तेजस्वी तेवढी मागे राहिली. ती फॉरवर्ड खेळायची. रोजचा सराव संपला की बाकीच्या घरी जायच्या आणि ही चिमाच्या गोलावर चेंडू मारत राहायची, अगदी पाणी पायाला लागेपर्यंत. ती बांबूंकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग बोलायचं ना, चिमे."

"बोलले असते तर आला असतात?"

गाडीचा हॉर्न वाजला. तेजस्वीने चिमाचा हात घट्ट धरला, सोडला आणि चपला हातात घेऊन धावत गेली. अजून तशीच धावायची, चवड्यांवर.

गाडीची धूळ बसली तशी चिमा नवीन टी-शर्टासकट पाण्यात शिरली आणि गोल सोडवायला लागली. जाळ्यात एक बोय मासळी अडकून फडफडत होती. ती घेऊन घरी आली.

"झाली काय म्याच?" धोंडूबाईने विचारलं.

"झाली."

"कोन जिकला?"

चिमाने बोय तिच्यापुढे पाटावर टाकली. "हिने एक गोल केलान." धोंडूबाई हसली नाही. तिने कोयती घेतली आणि खवलं काढायला बसली.

दिवेलागणीला फोन वाजला. ग्रुपवर फोटोंचा ढीग पडला होता. सगळ्या हसत होत्या, चिमासुद्धा. खाली तेजस्वीने लिहिलं होतं, "पुढच्या वेळी टाइम चिमा ठरवणार. ती सांगेल तेव्हाच यायचं. फायनल."

चिमाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. एकेक पान उलटत गेली. चार-साडेचार महिन्यांनी एका रविवारी पौर्णिमा येत होती. संध्याकाळी पाचला पाणी पार खाली, पुळण थेट खडकांपर्यंत मोकळी, एवढं मोठं मैदान तर त्यांना तालुक्यालाही मिळालं नव्हतं. तिने तारीख टाइप केली. वाचली. मग एकेक अक्षर खोडलं.

"तुम्हाला जमेल तेव्हा या," तिने लिहिलं.