परत येण्याचं कारण

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कौस्तुभने महिनाभर फोनवर आईकडून उत्तर घोकून घेतलं होतं. "परत येणार, हे ठासून सांग. घर सांग, पेन्शन सांग."

काचेपलीकडच्या साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, "मुलगा तिकडे, मग परत कशाला याल?"

शालिनीबाईंना पाठ केलेलं ऐनवेळी आठवेना. "अहो, गौरी आमच्याकडे असतात. त्यांना घरात घ्यायला मी नको?"

साहेब हसला आणि त्याने व्हिसा मंजूर केला.

बाहेर येऊन फोनवर कळवताच मुलगा हरखला. "आई, स्टुडंट व्हिसाच्या वेळी मीही हेच सांगितलं होतं! घरी गणपती असतो, शिक्षण संपलं की परत येणारच. साहेबाला लगेच पटलं!"

"हो रे," शालिनीबाई म्हणाल्या, "मलाही पटलं होतं."