तालमीची हजेरी

पाच पैलवान सतरंजीवर मांडी घालून बसले होते. प्रत्येकाच्या हातात पहिलीचं पुस्तक होतं. सगळ्यांत लहान विद्यार्थ्याचं वजन ब्याऐंशी किलो होतं. दादाभाऊंनी शेजारच्या शाळेतून मागून आणलेला फळा मारुतीच्या तसबिरीखाली टेकवला, त्यावर ‘अ आ इ ई’ लिहिलं आणि घाम पुसला.

चूक त्यांचीच होती. जुन्नरची ही तालीम दीडशे वर्षांची. गेल्या पावसात छपराची तुळई खचली आणि दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. यंदा दुरुस्ती झाली नाही तर इमारत पाडणार, हे ठरलेलं होतं. जुन्या संस्थांना दुरुस्तीसाठी मदत देणारी एक योजना निघाली. तिचा अर्ज हिंदीत होता. ‘संस्था का कार्य’ या रकान्यात तालमीचे सचिव म्हणून दादाभाऊंनी जे होतं ते लिहिलं: तालीम. हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. तालमीत कुस्ती खेळतात हे अर्ज वाचणाऱ्याच्या गावीही नव्हतं. अर्ज शाळांच्या गठ्ठ्यात गेला आणि आज तपासणी होती.

“वस्ताद, तुमी नुसतं हो म्हणा,” दादाभाऊ म्हणाले. “तुमाला मुख्याध्यापक म्हणून दाखवलंय.”

“मला खोटं बोलता येत न्हाई,” वली वस्ताद म्हणाले.

“मग गप ऱ्हावा. ते तरी जमंल ना?”

वस्ताद अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दोन्ही कान कुस्तीत चुरगळलेले, आवाज मात्र शाबूत. गप राहणं त्यांना आजवर जमलेलं नव्हतं.

तपासणीला इंद्रायणी मॅडम आल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विद्यार्थी नसलेल्या शाळा पुष्कळ पाहिल्या होत्या. इतके भरघोस विद्यार्थी पहिल्यांदाच पाहत होत्या. पलीकडच्या आखाड्यातून तेल, हळद नि ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा वास येत होता. त्यांनी फळ्यावरच्या दुसऱ्या अक्षराकडे बोट केलं आणि पुढच्या पैलवानाला विचारलं, “हे कोणतं?”

“आ,” आदेश पैलवान म्हणाला. “आखाड्याचा.”

दादाभाऊंनी डोळे मिटले.

“हजेरीपत्रक दाखवा.”

दादाभाऊंनी डोळे उघडले. फळा आणला, पुस्तकं आणली, हजेरीपत्रक तेवढं राहिलं होतं. पण वस्ताद उठले आणि मुद्गलांच्या मागच्या कोनाड्यातून वह्यांची अख्खी चवड उचलून घेऊन आले. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या हजेऱ्या होत्या. मॅडमनी मधलीच एक उघडली. छापील आकड्यांपुढे नावं कमी आणि अंगठेच जास्त होते.

“हे काय?”

“नियम हाय तालमीचा,” वस्ताद म्हणाले. “ज्याचं नाव त्यानं लिहायचं. मी कुणाचं लिहीत न्हाई. येत नसंल त्यानं अंगठा लावायचा. अंगठेवाल्यानं माती खणायची, सहीवाल्यानं कुस्ती धरायची.”

मॅडमनी तेरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. जूनभर अंगठा. श्रावणात अंगठ्याशेजारी एक तिरपा ‘भ’. मग ‘भा’. दसऱ्याला पूर्ण नाव उमटलं होतं, ओळीच्या बाहेर गेलेलं: भागू गेणू, डिंभे. त्यानंतर त्या ओळीत एकही अंगठा नव्हता. त्यांनी चौदा नंबर पाहिला, एकवीस पाहिला. दुसरी वही काढली, मग तिसरी.

“शिकवायचं कोण यांना?”

“आधीची पोरं. मातीतच बोटानं गिरवून घ्यायची. कुस्ती धरायची घाई व्हती ना सगळ्यांना.”

दादाभाऊंना हा नियम वीस वर्षं ठाऊक होता. ते त्याला वस्तादांचा तऱ्हेवाईकपणा समजत. पारगावचा एक गडी एकदा म्हणाला होता, वस्ताद, तुमीच लिहा की माझं नाव. वस्तादांनी त्याला आणखी महिनाभर माती खणायला लावली होती.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “तो फळा शाळेला परत करा. पुस्तकंही. माझ्या अहवालात त्यांचा उल्लेख नाहीये.”

“आनि अर्ज?” दादाभाऊंनी विचारलं.

“अर्जात चूक नाही. प्रौढ साक्षरता, सलग बेचाळीस वर्षं. दुरुस्तीची शिफारस करतेय.” त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. “प्रमुखांची सही लागेल इथं.”

वस्तादांनी पेनाकडे पाहिलं. मग डावा अंगठा धोतराला पुसला आणि मॅडमकडे शाईचा पॅड मागितला.

मॅडमनी पिशवीतून पॅड काढून दिला.

“वस्ताद,” दादाभाऊ म्हणाले, “एवढ्या जणांना लिहायला लावलंत. तुमी का न्हाई शिकला?”

वली वस्तादांनी अंगठा कागदावर नीट दाबला.

“मला येत असतं,” ते म्हणाले, “तर सगळ्यांची नावं मीच लिहून टाकली असती.”