सारजाबाईच्या शेळ्या

"सारजाबाईंकडे शेळ्या किती होत्या?" पाहुण्यानं पुन्हा तेच विचारलं आणि भामाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

पायात बूट, हातात पेन्सिल आणि सगळे प्रश्न शेळ्यांचे. कुठल्या रानात चारायच्या, कुठल्या वाटेनं न्यायच्या. म्हणे भोर संस्थानातल्या शाळेचा मास्तर, नाव आनंदराव. म्हणे कुणाला ठाऊक नसलेल्या मोठ्या माणसांची चरित्रं मुलांसाठी लिहितोय. मोठी माणसं शोधायला तोरण्याखालच्या धनगरवाड्यावर कोण येतं? गेल्या दिवाळीत जंगलचा शिपाईही असंच गोड बोलला होता आणि राखीव रानात चरल्या म्हणून शेळ्या हाकत थेट वेल्ह्याच्या कोंडवाड्यात घेऊन गेला होता.

"पटकीच्या साथीत सगळे पळाले," मास्तर म्हणाला. "सारजाबाई मागं राहिल्या. पोरक्या मुलांना शेळीच्या दुधावर जगवलं. मार्गासनीचे एक आजोबा त्यातलेच. तुमच्याच घरातल्या ना त्या?"

घरातल्याच. भामाबाईची आजेसासू. नव्या नवरीचा हात धरून म्हातारीनं धार काढायला शिकवलं होतं, "आचळ ओढू नगं, दाब."  सांगून टाकावं असं भामाबाईला वाटलं.

तेवढ्यात सुनेनं ओहोळात दडवलेली एक शेळी ओरडली. मास्तरनं मान वळवली.

"आमच्यात न्हाई कुणी सारजाबाई," भामाबाई घाईनं म्हणाली. "आमी शेळ्या कंदी पाळल्याच न्हाईत. ती खालच्या सखूबाईची आजेसासू. तिकडं जावा."

सखूबाईशी तिचं हाडवैर. भरू दे दंड!

मास्तर सखूबाईच्या अंगणात दुपारभर बसला, ताक प्याला आणि हात जोडून निघाला. शिपाई काही आला नाही.

वर्षानं वेल्ह्याच्या शाळेत पुस्तक आलं. सखूबाईला खुर्चीवर बसवून नारळ दिला. भामाबाई दाराशी उभी राहून पुस्तकातलं सारजाबाईचं चित्र बघत होती. म्हातारीचं नाक चुकलं होतं. खरं तर बसकं होतं ते. पण आता सांगणार कोणत्या तोंडानं?

संध्याकाळी तिनं नातीला, फुलाला, शेळीखाली बसवलं. "ओढू नगं. दाब."

भांड्यात धार वाजली. फुला हरखली. "आज्जे, तुला कुणी शिकवलं गं?"

भामाबाईनं आधी वाटेकडं पाहिलं. कुणी येत नव्हतं. तरी नाव ओठावर येईना.

"सखूबाईच्या आजेसासूनं," ती म्हणाली.