मानेचे चार स्क्रू

"मान हलतेय," मुलगी म्हणाली आणि तिने इलेक्ट्रिक गिटार बापाच्या कामाच्या टेबलावर आडवी ठेवली.

पंधरा दिवसांत ती त्याच्याशी बोलली ते एवढंच. बँडबरोबर दुसऱ्या शहरात राहायला जाते म्हणाली, तेव्हा 'गेलीस तर परत या दारात पाऊल टाकू नकोस' असं तो बोलून बसला होता. तेव्हापासून दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी. आता तिची बॅग दाराशी होती आणि न्यायला येणारी गाडी तासाभरावर. नड होती म्हणून आली, हे त्या सुतार बापाला कळत होतं. तरी त्याला बरं वाटलं.

त्याने तारा सैल करून काढल्या, मागचे चार स्क्रू उलटे फिरवले. मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, धडापासून सुटून हातात आली. तिच्यातली चारही भोकं रुंद झाली होती, स्क्रूला धरायला लाकूडच उरलं नव्हतं.

"हलली की आवळायचीस?"

"मग काय करणार?"

"आवळून आवळूनच गेलीये ही."

ती घड्याळाकडे बघत राहिली.

उपाय दोन होते. भोकांत काडेपेटीतल्या काड्या ठोकून तेच स्क्रू आवळायचे. दोन महिने निभतं, मग परत हलतं. नाहीतर भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून नवी पाडायची. मग जन्मात बघायला नको. काडेपेटी हाताशी होती. दोन महिन्यांनी हलली असती, तर झक मारत तिला इथेच यावं लागलं असतं. त्याचा हात काडेपेटीवर गेला. मग भरल्या स्टेजवर वाजवता वाजवता थांबलेली पोर त्याला दिसली. स्वतःला एक शिवी हासडून त्याने खुंट्या तासायला घेतल्या.

झटपट वाळणारा गोंद लावून त्या ठोकल्या. दहा मिनिटं दोघंही गोंदाकडे बघत बसली.

"आता हलू नकोस. बोलूही नकोस."

ड्रिल दोन मिलिमीटर जास्त गेलं असतं, तर समोरून, बोटं फिरतात त्या पट्टीतून बाहेर आलं असतं. खोली कळावी म्हणून त्याने ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि श्वास रोखला. एक. दोन. तिसऱ्याला बाहेर हॉर्न वाजला आणि त्याचा हात दचकला. मुलीने डोळे मिटून घेतले. त्याने मान उलटी करून पट्टीवरून अंगठा फिरवला.

"गुळगुळीत आहे. उघड डोळे."

चौथं भोक पाडून त्याने स्क्रू बसवले. तिने तारा चढवल्या, मान धरून हलवून पाहिली. जरासुद्धा हलली नाही.

"परत ढिली झाली तर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती.

"होणार नाही," तो म्हणाला. आपल्याच हाताने दार लावून घेतल्यासारखं त्याला झालं.

दुसरा हॉर्न वाजला. तिने गिटार पिशवीत घातली, बॅग उचलली. उंबऱ्याशी पोचली तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाला, "दोन महिन्यांनी दाखवून जा."

"ढिली झालेली नसली तरी?"

"ढिली झाल्यावर काय, कुणीही आणतं."