ऐकवेना

"शटर पाडा, आले," असं ओरडत कोणीतरी रस्त्यावरून पळत गेलं. दादानं हातातली कात्री टाकली आणि शटर खाली ओढलं.

शिंप्याच्या त्या दुकानात तिघंच होती. दादा, त्याची बायको आणि काज-बटणं करणारी त्याची बहीण. बहीण चाळिशीची होती, पण सगळे तिला लाजाळूच म्हणत. कोणी नुसता आवाज चढवला तरी ती मिटून जायची. हिच्यासमोर कलिंगड कापायचीही चोरी, असं वहिनी गिऱ्हाइकांना हसत सांगायची. आठवड्यापूर्वी शहर पेटलं तेव्हापासून लाजाळूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दादानं बातम्या लावल्या की ती उठून मोरीत जाऊन उभी राहायची.

"कातडी जरा जाड कर बाई," दादा म्हणायचा. "दिवस वाईट आहेत. अशानं कसं निभावणार तुझं?"

वहिनीनं शटरच्या फटीला डोळा लावला. "किल्लीवाल्याला धरलंय," ती हळूच म्हणाली.

किल्लीवाला समोरच्या फुटपाथवर पेटी मांडून बसायचा. बारा वर्षं त्याची तीच जागा होती.

"नाव विचारतायत त्याला."

"खोटं सांग म्हणावं," दादा पुटपुटला.

"खरंच सांगितलं वाटतं." वहिनी फटीपासून मागे सरली.

आधी पत्र्याची पेटी उलटल्याचा आवाज आला. मग ओल्या गादीवर काठी पडावी तसा. एकदा, दोनदा, मग मोजता येईना. किल्लीवाला सुरुवातीला माफी मागत होता. मग तो दादाला हाका मारू लागला.

"मास्तर... अहो मास्तर, शटर उघडा."

दादा मशीनवर जाऊन बसला आणि त्यानं मोटर चालू केली. कापड लावलेलं नव्हतं. सुई रिकामीच वरखाली होत राहिली. दादानं पायानं पेडल दाबून वेग वाढवला. तरी मधूनमधून हाक ऐकू येतच होती. मग शब्द गेले आणि नुसतं गुरासारखं हंबरणं उरलं.

लाजाळू उठली. मांडीवरची बटणांची डबी जमिनीवर सांडली. तिनं शटरला हात घातला.

"वेड लागलंय का तुला? मागे हो," वहिनीनं तिचा दंड धरला. लाजाळूनं खाली वाकून वहिनीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. वहिनीचा हात सुटला. शटर गुडघाभर वर झालं आणि लाजाळू त्याखालून सरपटत बाहेर गेली.

बाहेर सातआठ जण होते. किल्लीवाला कुशीवर पडला होता. त्याचा एक कान लोंबत होता. तोंडाजवळ रक्तात किल्ल्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यात दोन दात. लाजाळूला उलटी झाली. ती तिथेच रस्त्यावर ओकली, तोंड पुसलं, आणि पुढे होऊन त्याच्या अंगावर पालथी पडली.

उचललेली सळई खाली आली ती तिच्या हातावर. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. दुसरा घाव पाठीवर बसला.

"ही कोण मध्येच? ओढा हिला."

एकानं तिचे केस धरून तिला खेचलं. तिनं चांगल्या हातानं किल्लीवाल्याचा सदरा मुठीत धरला होता. तो टरकन फाटला तशी तिनं त्याच्या मानेला मिठी मारली. केसांचा झुबका त्या माणसाच्या हातात आला. तिसरा घाव खांद्यावर बसला.

"थांब रे," मागून एक जण म्हणाला. "ही शिंप्याची बहीण. आपल्यातली आहे."

हात थांबले. सळईवाला धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला.

"आपल्यातली निघालीस म्हणून वाचलीस," तो म्हणाला. त्यानं सळई तिच्याच पाठीला पुसली. मग ते सगळे पुढच्या चौकाकडे निघून गेले.

थोड्या वेळानं त्या रस्त्यावरची शटरं वीत वीत वर झाली. तेव्हा कळलं, सगळे आपापल्या दुकानातच होते. कोणी पाणी आणलं, कोणी हातगाडी. दादानं नव्या कापडाचा तागा फाडून किल्लीवाल्याच्या डोक्याला गुंडाळला. लाजाळूला मिठी सोडवेना. दादानं तिची बोटं एकेक करून उघडली.

दवाखान्यात खाटा कमी होत्या. बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्ये नुसता पडदा ओढला होता. किल्लीवाल्याच्या एका डोळ्याचा भरवसा नाही, पण जीव वाचेल, असं डॉक्टर सांगून गेले. लाजाळूचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पाठ टेकवत नव्हती, म्हणून ती बसूनच होती. दादा शेजारी स्टूल घेऊन बसला.

"आम्ही आपलं उगाच तुला लाजाळू लाजाळू म्हणत होतो," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीत शूर तूच निघालीस."

"शूर कसली, दादा. मला ते ऐकवेना, म्हणून गेले."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरोखरच तिला कळत नव्हतं.

"तुला कसं ऐकवलं?"

दादानं तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यापलीकडे किल्लीवाला कण्हला. दादा उठला आणि दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.