लग्नाची चाल

लग्नातल्या गाण्याची ठसकेबाज चाल धरून मार्गिता गवत कापू लागली. काटेरी तारेपलीकडे तिची थोरली बहीणही गवत कापत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बड्या धेंडांनी नकाशावर रेघ ओढली आणि एवढ्याशा स्लोवाक गावाची दोन राष्ट्रं केली. चर्च पलीकडे, सोव्हिएत रशियात गेलं, दफनभूमी अलीकडे राहिली. तारेवरून बोललं की तुरुंग. गाण्यावर बंदी घालायचं तेवढं त्यांना सुचलं नव्हतं.

बहिणीच्या पाठीमागे रशियन शिपाई बंदूक घेऊन उभा होता. त्याला गावची बोली कळत नव्हती, पण रडणं कळलं असतं. मार्गिता हसऱ्या तोंडाने गायली, "ताई गं, आपली आई गेली. उद्या सकाळी तारेजवळून नेऊ, तिथे उभी राहा. रडू नकोस, तुझ्यामागचा रेडा बघतोय!"

पलीकडचा विळा थबकला. शिपायाने मान वळवली. मग विळा पुन्हा चालू लागला.

शिपाई मात्र चालीवर खूश झाला होता. त्याने बोट नाचवून खूण केली, पुन्हा म्हण!

मार्गिताने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला ताईही तिच्याबरोबर गायली, खणखणीत आवाजात, आणि तो टाळ्या वाजवत राहिला.