अक्कानं मागून नेलेला ब्लाउज

सकाळी फोनवर आलेला ब्लाउजचा निरोप देवयानीनं दोनदा वाचला. "रविवारच्या घामात स्तनाच्या कॅन्सरची खूण आहे. गाठ अजून झालेली नाही. लगेच दवाखान्यात या, गोळ्यांनी बरं होईल."

रविवार? रविवारी तर ती दिवसभर गाऊनवर घरीच होती! तो मोरपंखी ब्लाउज भाचीच्या साखरपुड्याला तिची थोरली जाऊ, अक्का, घालून गेली होती. आता सगळ्याजणी घाम तपासणाऱ्या अस्तराचेच ब्लाउज शिवायच्या. अक्का मात्र हट्टानं साधं अस्तर लावायची आणि तपासणीचं नाव काढलं की उठून जायची.

देवयानी अनवाणीच समोरच्या घरात धावली. अक्का शेंगदाणे भाजत होती.

"अक्का, सापडला! गाठ व्हायच्या आधीच कॅन्सर सापडला!"

अक्काचा हात थांबला. "तुला?"

"तुम्हाला! माझ्या ब्लाउजनं तुमचा घाम तपासला. एरवी तुम्ही जन्मात तपासून घेतलं नसतं! नुसत्या गोळ्या घ्यायच्यात, अक्का!"

कढईतले दाणे करपायला लागले, तसा अक्कानं गॅस बंद केला आणि पदरानं डोळे पुसले.

"चल, आत्ताच जाऊ," ती म्हणाली. "पण तो ब्लाउज आता तुला परत मिळायचा नाही."